सगळ्या चांगल्या चाली सैतानाकडेच का? 'जीझस म्युझिक'ची पहिली दहा-बारा वर्षं

जुनीतबकडी

मामा व्यापारी जहाजावर होते. सत्तरच्या दशकात ज्या बंदराला जहाज लागेल तिथून ते तबकड्या आणायचे. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली, पण उघडायचा धीर होत नव्हता. गेल्या महिन्यात उघडली. वर गणवेश, खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या सतरा एलपी. एकीच्या कव्हरावर लांब सोनेरी केसांचा एक तरुण, मागे न्यूयॉर्कचा गजबजाट, आणि कोपऱ्यात आजीच्या अक्षरात निळ्या शाईने लिहिलेलं: 'रविवारी लावू नये.'

तबकडी लॅरी नॉर्मनची. 'ओन्ली व्हिजिटिंग धिस प्लॅनेट', १९७२. तिच्यात प्रेमभंग आहे, व्हिएतनामचं युद्ध टीव्हीवर बघत बसलेली माणसं आहेत, आणि बाकी सगळा येशू. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं एक गीत म्हटल्याशिवाय आजी सकाळचा चहा घ्यायची नाही. येशूचीच गाणी तिला रविवारी नको होती, कारण मागे ड्रम वाजत होते.

तेव्हापासून मी या संगीताच्या मागे लागलोय. आज ज्याला कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक म्हणतात, ते नाव तेव्हा रुळलेलं नव्हतं. त्या नावाचं मासिक १९७८ मध्ये निघालं. त्याआधी सगळे 'जीझस म्युझिक' म्हणत. कॅलिफोर्नियातली हिप्पी पोरं, त्यांतली कित्येक नशेतून बाहेर आलेली, गिटार घेऊन येशूबद्दल गायला लागली. २१ जून १९७१ च्या 'टाइम'च्या मुखपृष्ठावर येशूचं रंगीबेरंगी चित्र होतं आणि मथळा होता 'द जीझस रेव्होल्यूशन'. त्या काळातल्या गाण्यांबद्दल हे लिहितोय.

लॅरीपासून सुरुवात करतो. जन्म १९४७, टेक्सास. 'पीपल!' नावाच्या बँडमध्ये गायचा. त्यांचं 'आय लव्ह यू' १९६८ मध्ये बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १४ व्या क्रमांकापर्यंत चढलं होतं. बँड सोडून त्याने १९६९ मध्ये कॅपिटल कंपनीसाठी 'अपॉन धिस रॉक' केली. ख्रिस्ती रॉकची पहिली तबकडी म्हणून बहुतेक लोक तिच्याकडे बोट दाखवतात. ती फारशी खपली नाही, कंपनीने हात झटकले. मग तो लंडनला गेला आणि बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या एअर स्टुडिओत माझ्या हातात आहे ती तबकडी केली. ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांनी ती ठेवायला नकार दिला, कारण एका गाण्यात गुप्तरोगाचा उघड उल्लेख होता. रॉकवाल्यांना त्यात येशू फार होता. दोन्ही दारं बंद. २०१४ मध्ये हीच तबकडी लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत घेतली. लॅरी तोवर हयात नव्हता, तो २००८ मध्ये गेला.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो आणि मग तुमचं ऐकतो. ही पहिली गाणी चर्चच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसासाठी केलेली होती. गाणारेही बाहेरचेच होते. पुढे या गाण्यांची वेगळी दुकानं झाली, वेगळी रेडिओ केंद्रं झाली, वेगळी बक्षिसं झाली, आणि गाणी हळूहळू आतल्या माणसांशी बोलू लागली. लॅरीच्या आवाजात जी धग आहे ती मला पुढच्या गुळगुळीत ध्वनिमुद्रणात सापडत नाही. ज्यांनी ऐकलंय त्यांनी लिहावं.

सोनचाफा

वाखुसा (वाचनखूण साठवली). एकेक गाणं शोधून ऐकत वाचणार आहे.

पेटीवाला

आजीचा शेरा वाचून गलबलून आलं. आम्ही नगरचे. आमच्याकडे हा वाद ड्रमवरून नव्हता, ढोलकीवरून होता, आणि तो माझ्या पणजोबांच्याही आधीपासूनचा.

तुमच्या शीर्षकातला प्रश्न लॅरी नॉर्मनने गाण्यात घातला हे खरं, पण तो जुना आहे. मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मीचे) संस्थापक विल्यम बूथ यांच्या नावावर तो सांगतात. त्यांचे लोक दारूच्या गुत्त्यात चालणाऱ्या चाली उचलत आणि त्यांवर देवाचे शब्द बसवत. मुक्तिफौज १८८२ मध्ये मुंबईत उतरली, फ्रेडरिक टकर आणि सोबत मोजकी माणसं. रस्त्यावरून वाजतगाजत निघाले म्हणून पोलिसांनी धरलं, टकरना तुरुंगवासही झाला. पुढे ते अनवाणी, भगव्या कपड्यांत, फकीरसिंग या नावाने फिरले.

आणि याच मुक्तिफौजेने १९६३ मध्ये लंडनला 'जॉयस्ट्रिंग्ज' हा बँड काढला. गणवेश आणि बॉनेट घातलेल्या मुली इलेक्ट्रिक गिटारवर पॉप गाताहेत! १९६४ मध्ये त्यांचं 'इट्स ॲन ओपन सीक्रेट' ब्रिटनच्या खपाच्या यादीत लागलं. लॅरीच्या पहिल्या तबकडीच्या पाच वर्षं आधी. तेव्हा 'पहिली' कोणाची, हे जरा जपून.

आता आमच्या घरची गोष्ट. अमेरिकन मराठी मिशनने सुरुवातीला जी गीतं दिली ती बहुतेक इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं. ज्यांनी ती गायली आहेत त्यांना ठाऊक आहे काय होतं ते. ऱ्हस्व अक्षरावर लांब सूर येतो, दीर्घ अक्षर अर्ध्या मात्रेत कोंबावं लागतं, आणि म्हणणाऱ्याच्या तोंडात शब्दाचा चोळामोळा होतो. कृष्णराव सांगळ्यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. पूर्वरंग, उत्तररंग, झांज, तंबोरा, आणि आख्यान येशूचं. त्यांच्यानंतर नारायण वामन टिळक. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत, आणि त्यांनी अभंगात, ओवीत, साकी-दिंडीत गाणी लिहिली. जाणकार मंडळींनी तेव्हाही नाकं मुरडली होती: हे तर हिंदूंचं वाजवणं, हे देवाच्या घरात कसं?

कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाला १९७० मध्ये पोरांनी जे केलं ते नगरला शंभर वर्षं आधी झालं होतं. गल्लीत जे वाजतं त्यात देवाला हाक मारायची. त्यामुळे मला लॅरी नॉर्मन परका वाटत नाही.

जुनीतबकडी

पेटीवाले, दंडवत. जॉयस्ट्रिंग्ज माझ्या नजरेतून सुटले होते. सांगळ्यांचं नाव आजीच्या तोंडी असायचं.

कोस्टामेसातून

मी पुण्याची, गेली एकोणीस वर्षं ऑरेंज काउंटीत. कामावर जाताना रोज त्या चर्चवरून जाते, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही.

कॅल्व्हरी चॅपल. चक स्मिथ नावाच्या पास्टरांनी १९६५ मध्ये हाती घेतलं तेव्हा जेमतेम पंचवीस माणसं यायची. मग लॉनी फ्रिस्बी नावाचा लांब केसांचा, दाढीवाला तरुण आला आणि त्याच्या मागून समुद्रकिनाऱ्यावरची पोरं अनवाणी आत येऊ लागली. नव्या गालिच्याला पाय लागतील म्हणून कुणीतरी 'अनवाणी प्रवेश नाही' अशी पाटी लावली. चक स्मिथनी ती काढून टाकली आणि गालिच्यामुळे एकही पोर बाहेर राहणार असेल तर गालिचाच उपटू म्हणाले. ही गोष्ट इथले म्हातारे लोक अजून सांगतात. कोरोना डेल मारजवळ पायरेट्स कोव्ह म्हणून खडकांच्या कुशीतली छोटी चौपाटी आहे, तिथे शेकडोंनी बाप्तिस्मे व्हायचे. बघणारे वरच्या खडकांवर बसायचे. मी तिथे गेले आहे. नाटकाच्या पिटासारखी जागा आहे, खाली पाणी आणि वर तीन बाजूंनी बसायला दगड.

संगीत इथूनच निघालं. 'लव्ह साँग' या बँडचे चक जिरार्ड आधी 'हॉन्डेल्स'साठी गायचे. 'लिटल होंडा' हे १९६४ मधलं मोटारसायकलवरचं गाजलेलं गाणं त्यांच्या आवाजातलं. या पोरांना गाणं येत होतं, आवाजाला आवाज कसा जुळवायचा हे त्यांनी धंद्यात राहून शिकलेलं होतं. १९७२ मध्ये त्यांची पहिली एलपी आली. ती ऐका: चार आवाज इतके हळू एकमेकांत मिसळतात की कोण कुठला ते ओळखू येत नाही. लॅरीची धग वेगळी, ही ऊब वेगळी.

१९७१ मध्ये चर्चने स्वतःच तबकडी काढली, सगळ्या बँडांचं एकेक गाणं घेऊन. त्यातून 'मारानाथा! म्युझिक' उभी राहिली. मारानाथा हा अरामी शब्द, 'प्रभू, ये'. कुणा मोठ्या कंपनीने ती काढलेली नाही. गाड्यांच्या डिकीतून, सभेच्या दारात विकलेल्या तबकड्या आहेत या.

सोनचाफा

कोस्टामेसातून, तुमचा प्रतिसाद वाचता वाचता एक गाणं शोधलं आणि अंगावर काटा आला. 'सीक ये फर्स्ट' याच चर्चमधलं आहे! कॅरन लॅफर्टी, १९७१. आमच्या कॉन्व्हेंट शाळेत दर सोमवारी असेंब्लीत आम्ही ते गायचो, अर्ध्या मुली मुख्य ओळी आणि अर्ध्या वरचं 'हॅलेलुया'. मी हिंदू घरातली, मला वाटायचं हे बायबलइतकंच जुनं असणार.

कॅरन क्लबमध्ये गाऊन पोट भरायची. ते काम सोडलं, हातातले पैसे संपत आले, हप्ते थकले. बायबल अभ्यासाला गेली तर त्या संध्याकाळी मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं तेहतिसावं वचन निघालं: आधी देवाचं राज्य शोधा, बाकीचं मिळेल. घरी येऊन गिटार घेतली आणि चाल बसवली. हे वाचल्यावर माझ्या सोमवारच्या गाण्याला चेहरा आला.

सहाव्यातारेवर

कुणी फिल केगीचं नाव घेतलं नाही, म्हणून फक्त गिटारीबद्दल लिहितो.

उजव्या हाताचं मधलं बोट अर्धं नाही. चार वर्षांचा असताना पाण्याच्या पंपात सापडलं. 'ग्लास हार्प' या बँडमध्ये त्याचं नाव झालं होतं, तो बँड सोडून १९७३ मध्ये त्याने 'व्हॉट अ डे' काढली, सगळी वाद्यं स्वतः वाजवून. मी तीस वर्षं गिटार वाजवतो. त्याची बोटांनी छेडलेली गाणी मी दोन हातांची दहाही बोटं शाबूत असताना वाजवायला बसलो की चौथ्या मात्रेवर अडखळतो. तो त्या अर्ध्या बोटाला वळसा घालून अंगठा, पहिलं आणि तिसरं यांच्यात सूर वाटून घेतो. ऐकताना ती फट कुठेच ऐकू येत नाही.

काळीपाचपांढरीचार

धागा मनापासून आवडला, पण आता मला भांडायचं आहे. इथवर जवळपास सगळे गोरे गायक झाले. कॅलिफोर्नियातली पोरं अनवाणी चर्चमध्ये शिरण्याआधी काळ्या चर्चमध्ये ड्रम, बास, हॅमंड ऑर्गन, टाळ्या सगळं होतं. तिथे 'रविवारी लावू नये' असं कोणी लिहिलं नसतं, कारण रविवारीच ते वाजायचं.

बर्कलीच्या एका चर्चमध्ये एडविन हॉकिन्सच्या युवक-गायनवृंदाने प्रवासाचे पैसे उभे करायला साध्या यंत्रावर एक तबकडी केली. पाचशे प्रती. अठराव्या शतकातल्या फिलिप डॉड्रिज यांच्या स्तोत्राला लॅटिन वळणाचा पियानो लावलेला. सॅन फ्रान्सिस्कोच्या रेडिओवर ती वाजली, आणि १९६९ मध्ये 'ओ हॅपी डे' अमेरिकेत चौथ्या आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर. सुरुवातीला डोरोथी मॉरिसन जवळजवळ कुजबुजते, पियानो तिच्या पायाशी बसल्यासारखा वाजतो, मग मागून पन्नासेक आवाज उसळतात. जॉर्ज हॅरिसनने सांगितलंय की 'माय स्वीट लॉर्ड' त्याला या गाण्यावरून सुचलं. म्हणजे बर्कलीच्या चर्चमधला 'हॅलेलुया' एका वर्षात 'हरे कृष्ण'च्या शेजारी जाऊन बसला.

दुसरं नाव आंद्रे क्राउच. शाळकरी वयात लिहिलेलं त्यांचं येशूच्या रक्ताबद्दलचं गाणं आजही जगभर प्रभुभोजनाच्या वेळी म्हणतात. 'माय ट्रिब्यूट', 'सून अँड व्हेरी सून' त्यांचीच. त्यांचा 'डिसायपल्स' हा संच काळ्या-गोऱ्या दोन्ही श्रोत्यांसमोर गात होता, आणि ते सत्तरच्या सुरुवातीला सोपं नव्हतं. एल्विसने त्यांचं गाणं गायलं. पुढे मायकल जॅक्सनच्या 'मॅन इन द मिरर'मागे त्यांचाच गायनवृंद उसळतो.

धागाकर्ते म्हणतात गाणी बाहेरच्या माणसासाठी होती. मला वाटतं, क्राउचना बाहेर आणि आत हा फरकच करावा लागला नाही. ते एकच गाणं दोघांना द्यायचे.

जुनीतबकडी

काळीपाचपांढरीचार, मान्य. मूळ लेखात हे यायलाच हवं होतं. काल रात्री क्राउच ऐकत बसलो. एक्सप्लो '७२ च्या यादीतही ते आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जून १९७२, डॅलस, आठवडाभराचा युवक मेळावा, आणि शेवटच्या शनिवारी, १७ तारखेला, होऊ घातलेल्या हमरस्त्याच्या मोकळ्या जागेत दिवसभर गाणी. जॉनी कॅश, लव्ह साँग, क्राउच, लॅरी. लाखाच्या वर माणसं. धर्मोपदेशक बिली ग्रॅहम व्यासपीठावर होते. ज्या चर्चना लॅरीची गाणी नको होती त्यांचीच मुलं तिथे त्याच्यासमोर एक बोट आकाशाकडे उंचावून उभी होती.

वसईची_सर

आम्ही कॅथलिक, त्यामुळे आमच्याकडे हे वेगळ्या वाटेने आलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा (आमची मुख्य उपासना) लोकांच्या भाषेत होऊ लागली, आणि अमेरिकेत रे रेप यांच्यासारख्यांनी गिटारवरची मिस्सा लिहिली. माझ्या वडिलांच्या तरुणपणी वसईतही चर्चमध्ये पहिल्यांदा गिटार आली. एक ज्येष्ठ बाई उठून बाहेर गेल्या होत्या, आणि पुढच्या रविवारी परत येऊन पहिल्या बाकावर बसल्या. तीच कथा सगळीकडे.

पेटीवाल्यांच्या नगरच्याही आधीचं सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात राचोलला ख्रिस्तपुराण छापलं, सुमारे अकरा हजार ओव्या. इंग्रज माणूस, आणि येशूची कथा सांगायला त्याने ओवी उचलली, कारण लोकांच्या ओठांवर तीच होती.

आणि क्लिफ रिचर्ड विसरू नका. जन्म लखनऊचा, १९४०. ब्रिटनमध्ये शिखरावर असताना १९६६ मध्ये बिली ग्रॅहमच्या सभेत उभं राहून आपला विश्वास जाहीर केला. पुढच्याच वर्षी भक्तिगीतांची 'गुड न्यूज'. १९७८ च्या 'स्मॉल कॉर्नर्स'मध्ये तर त्यांनी तुमच्या लॅरीचं 'सैतान'वालं गाणं गायलंय.

रिकामाबाक

एक जड गोष्ट लिहितो. ती टाळून हा इतिहास लिहिता येणार नाही असं मला वाटतं.

मार्शा स्टीव्हन्सने सोळा वर्षांची असताना 'फॉर दोज टिअर्स आय डाइड' लिहिलं. 'चिल्ड्रन ऑफ द डे' हा त्यांचा संच, याच कॅल्व्हरी चॅपलमधला. साधी चाल, पाण्याकडे ये म्हणणारं गाणं. पुढे ते कित्येक गीतपुस्तकांत गेलं. १९७९ मध्ये मार्शाने आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. लोकांनी गीतपुस्तकातलं तिच्या गाण्याचं पान फाडून तिला पोस्टाने पाठवलं. लॉनी फ्रिस्बी, ज्याच्यामुळे ती सगळी पोरं आत आली, १९९३ मध्ये एड्सने गेला. कितीतरी वर्षं त्या चळवळीच्या कथनात त्याचं नाव आलंच तर ओझरतं यायचं.

मी एका मंडळीत वाढलो, आमच्या ओळखीच्या एका मुलाला तिथे असंच बाकावरून उठायला लावलं होतं. तो उत्तम तबला वाजवायचा. म्हणून ते फाडलेलं पान माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. धागाकर्ते, तुम्ही म्हणालात गाणारे बाहेरचे होते. त्यांतल्या काहींना आत घेऊन पुन्हा बाहेर काढलं, हेही त्यात लिहा.

जुनीतबकडी

लिहिलं. मूळ लेखाबरोबर तुमचा प्रतिसाद वाचावा, अशी सगळ्यांना विनंती आहे. मार्शा पुढेही गात राहिली, त्याच विश्वासाने.

देवळालीकर

कीथ ग्रीन अजून कसा आला नाही? माझ्या थोरल्या भावाने १९८४ मध्ये कुणाकडून तरी उतरवून घेतलेली त्याची कॅसेट आणली होती. आमच्या घरी पियानो नव्हता, मी पाटावर बोटं आपटून त्याच्याबरोबर 'वाजवायचो'. तो पियानो वाजवत नाही, पियानोवर तुटून पडतो. डाव्या हाताने ठोके आणि त्यावर ओरडणारा, चिरत जाणारा आवाज.

ब्रुकलिनमध्ये जन्म, १९५३. ज्यू पार्श्वभूमी. अकराव्या वर्षी डेक्का कंपनीशी करार, म्हणजे पोरवयातच बाजार बघून झाला. १९७७ मध्ये स्पॅरो कंपनीकडून 'फॉर हिम हू हॅज इअर्स टु हिअर'. त्यात त्याने 'सेकंड चॅप्टर ऑफ ॲक्ट्स'चं 'ईस्टर साँग' गायलं. मूळही ऐका, १९७४ चं: तीन सख्खी भावंडं, ॲनी, नेली आणि मॅथ्यू. आई-वडील एकापाठोपाठ गेले आणि धाकट्या दोघांना ॲनी आणि तिच्या नवऱ्याने घरी आणलं. घरातल्या पियानोभोवती ते आवाज जुळले. पुनरुत्थानाचं गाणं ज्या घरातून आलं त्या घरात नुकतेच दोन मृत्यू झाले होते, हे कळल्यापासून मला ते आनंदाचं गाणं वेगळंच ऐकू येतं.

पण मला सांगायचंय ते १९७९-८० चं. कीथ उत्तम खपत होता आणि त्याने स्पॅरोला सांगितलं, मला सोडा. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला देवाचं गाणं मिळत नाही, हे त्याला सहन होईना. घर गहाण टाकलं, स्वतः तबकडी काढली, 'सो यू वाना गो बॅक टु इजिप्ट'. त्यात एका गाण्यात बॉब डिलनने माउथ ऑर्गन वाजवलाय. किंमत? तुम्हाला जमेल ती, नाही जमली तर काही नको. मे १९८२ पर्यंत दोन लाखांवर प्रती गेल्या, त्यांतल्या ६१ हजार फुकट. कार्यक्रमाला तिकीट लावणंही बंद.

२८ जुलै १९८२. टेक्सासातल्या लिंडेलला, त्याच्या संस्थेच्याच धावपट्टीवरून उडालेलं छोटं विमान कोसळलं. क्षमतेपेक्षा जास्त, बारा जण होते. कीथ अठ्ठावीस वर्षांचा. बरोबर त्याची दोन मुलं, तीन आणि दोन वर्षांची. बायको मेलडी घरी होती, कडेवर एक वर्षाची मुलगी आणि पोटात एक.

भावाच्या कॅसेटवर कुणीतरी बॉलपेनने लिहिलं होतं: 'ऐकून झाल्यावर पुढे द्या.' आम्ही दिली. आता वाटतं एक प्रत उतरवून ठेवायला हवी होती.

हिरवीपालवी

देवळालीकर, रडवलंत.

तरीही मी एमी ग्रँटच्या बाजूने लिहिणारच. धाग्याचा सूर असा होतोय की १९७८ नंतर सगळं पाणचट झालं. १९७६, नॅशव्हिल: पंधरा वर्षांच्या मुलीने आई-वडिलांना भेट द्यायला स्वतःची गाणी टेपवर घेतली. स्टुडिओत त्या टेपची प्रत निघत असताना मालकाने ऐकली आणि वर्ड कंपनीला फोन लावून रिसीव्हरमधूनच वाजवून दाखवली. करार झाला. पुढच्या वर्षी तबकडी. १९८२ च्या 'एज टु एज'ने गोल्डचा (पाच लाख प्रतींचा) टप्पा गाठला, एकट्या ख्रिस्ती गायक-गायिकेच्या तबकडीला तो मान पहिल्यांदा मिळाला. त्यात 'एल शद्दाय' आहे, काही शब्द हिब्रू. कोणत्या बाजारू हिशेबाने कुणी अब्राहामाच्या देवाचं जुनं नाव ध्रुवपदात ठेवेल?

माझ्या आईला दुबईत असताना पहिल्या बाळंतपणात कोणी नव्हतं. शेजारच्या केरळी बाईंनी एमीची कॅसेट आणून दिली. आईला लॅरी नॉर्मनची धग नको होती, तिला झोप हवी होती. ते बाळ मी. आतल्या माणसाशी बोलणारं गाणंही कोणाला तरी हवं असतं.

कोस्टामेसातून

हिरवीपालवी, तुमचं पटतंय. शिवाय आतल्या माणसासाठी गाणं ही सुरुवात एमीची नव्हे. मारानाथाने १९७४ मध्येच 'द प्रेझ अल्बम' काढला होता, सगळ्या मंडळीने मिळून म्हणायची गाणी. आज चर्चमध्ये पडद्यावर शब्द टाकून जे गातात त्याचं मूळ तिथे आहे. त्याच चर्चमध्ये, त्याच माणसांकडून. बाहेरून आलेली पोरं चार वर्षांत आतली झाली, त्यांची लग्नं झाली, मुलं झाली. मग तीही आपल्या मुलांना म्हणता येईल असं गाणं करणारच.

जुनीतबकडी

हे मी असं पाहिलं नव्हतं. बाजाराने गाणी आत ओढली असं धरून चाललो होतो. गाणाऱ्यांचं वय वाढलं, हे साधं कारण मला सुचलं नाही. तरी एक आग्रह सोडत नाही: लॅरीला दोन्ही दुकानांत जागा नव्हती, म्हणून तो त्या तबकडीत व्हिएतनाम आणि येशू शेजारी शेजारी ठेवू शकला. वेगळं दुकान झाल्यावर व्हिएतनाम कुठल्या फळीवर ठेवायचा हा प्रश्न आला, आणि तो बहुतेकांनी ठेवलाच नाही.

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी क्रम विचारला गेलाय (व्यनिमध्ये, म्हणजे खासगी निरोपात). मी म्हणेन आधी 'ओ हॅपी डे', मग लव्ह साँगची पहिली, मग लॅरीची ही, मग क्राउच, मग 'ईस्टर साँग' दोन्ही, आणि कीथ ग्रीन शेवटी, रात्री एकटं असताना.

पेटीवाला

आणि सकाळी टिळक.

जुनीतबकडी

टिळक तर आहेतच.

आज मामींना फोन केला होता. धाग्यातलं सगळं वाचून दाखवलं, आजीच्या शेऱ्याचंही. मामी म्हणाल्या, शेरा खरा, पण अर्धाच. रविवारी नाही, पण सोमवारी दुपारी, भाकऱ्या होऊन चूल आवरली की आजी स्वतः मामांना म्हणायची, ते बिनढोलाचं लाव. म्हणजे 'द आउटलॉ'. नुसती गिटार आणि लॅरी. येशूबद्दल कोण काय काय म्हणतं ते एकेका कडव्यात येतं. मामा तबकडीवरची सुई उचलून एकेक ओळ मराठीत सांगायचे, पुन्हा सुई ठेवायचे. पहिल्याच शब्दाला अडले. 'आउटलॉ' म्हणजे काय, तिने विचारलं. मामांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, सरकारला नको असलेला माणूस.

आजी म्हणाली, "मग बरोबर आहे. पुढचं सांग."